बिनघंटीची मेंढी

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या कामाचं काही जमलं की आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. आज जमलंय.

"आमची लेक तारे राखती," असं तुम्ही धारूरच्या बाजारात ज्याला त्याला सांगत फिरायचात. तर ऐका. मोठा तारा फुटून गेला की त्याचा गाभा तेवढा उरतो. आडवा मोजला तर धारूर ते केज एवढाच, पण वजनाला आपल्या सूर्यापेक्षा भारी. असे पुष्कळ गाभे रेडिओ दुर्बिणीत टकटक वाजतात, सापडायला सोपे. काही मात्र एकटेच पडलेले, जोडीला कुणी नाही, आवाज नाही. अंगात फक्त धग शिल्लक, तीही मंद क्ष-किरणांतूनच दिसणारी. उपग्रहावरच्या दुर्बिणीच्या नोंदींत मला एक पुसट ठिपका दिसला. आवाज नाही, फोटोत तिथं तारा नाही. यंत्राचा दोष समजून मी त्याच्यावर काट मारणार होते.

आणि मी शाळेत असतानाचा तो रविवार आठवला. थंडीतली सकाळ, किल्ल्यामागच्या माळावर आपली गाभण मेंढी हरवलीय. मी म्हणते, "लांडग्यानं नेली असंल आबा, घंटी कुठंच ऐकू येत न्हाई." तुम्ही खेकसता, "वाजत न्हाई म्हंजी मेली व्हय गं? हात लावून बघितलंस का कुठं?" मग दबलेल्या गवतावर तळवा टेकत टेकत निघता. एका झुडपाखाली माझा हात ओढून जमिनीवर ठेवता. "बघ, ऊब हाय अजून. लांब न्हाई गेली." पुढच्याच बोरीआड ती उभी होती, नुकत्या झालेल्या कोकराला चाटत.

मी काट मारली नाही. जुन्या नोंदी काढून महिनाभर बसले. प्रत्येकीत ठिपका त्याच जागी, धग तेवढीच. तारा निघाला, आबा! आमच्या मॅडमनी पेढे वाटले. मी लई खूश हाय.

कसं सुचलं, असं सगळे विचारतात. मी मेंढीची गोष्ट सांगते, पण अर्धीच. त्या दिवशी मेंढीच्या गळ्यात घंटी नाही बघून तुम्ही स्वतःलाच शिव्या दिल्यात, "घंटीची गाठ कच्ची मारलती मी, लई येंधळा." पुढं शेवटपर्यंत प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघायचात, आणि मी गप्प बसून बघायची. हे पत्र टाकणार तरी कुठं, ड्रॉवरमध्येच राहील. तुमची गाठ पक्की होती, आबा. माझी गणितं चालली होती, तिची किणकिण नको झालती, म्हणून घंटी मीच सोडून दप्तरात टाकली होती.