मुनग्याखालचा माणूस

रायपूर,
कोजागिरीचा आदला दिवस

प्रिय वनमाला,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकशील, हे मला ठाऊक आहे. रेल्वेतल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पत्रं लिहिली ती फक्त खात्याला, आणि तीही बहुतेक कुणाची तरी चूक दाखवायला. पण घाबरू नकोस, तब्येत बरी आहे, शुगर ताब्यात आहे, कुकरच्या शिट्ट्या मोजायला आता मी शिकलो आहे. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर दोन वाक्यं झाली की तू विराजला माझ्यापुढे धरतेस, आणि दीड वर्षाच्या नातवाशी माणूस बोलून बोलून काय बोलणार? शिवाय जे सांगायचं आहे ते तुझ्या तोंडाकडे बघत मला सांगता यायचं नाही. म्हणून हे बूड टेकून लिहितो आहे.

आधी बातमी सांगतो. बंदूक घेतली. बारा बोअरची, पंप ॲक्शन. तू कपाळाला हात लावलेला मला इथून दिसतो आहे. या म्हाताऱ्याला साधी उशी झटकता येत नाही आणि हा बंदूक घेतो, असंच म्हणशील ना? म्हण. पण ती मी शौकासाठी घेतली नव्हती. तू नागपूरला निघालीस त्या दिवशी गाडी सुटताना खिडकीतून म्हणालीस, "त्या घरात आता माह्या जिवाला चैन नाही जी." मी त्याच आठवड्यात लायसन्सचा अर्ज भरला. म्हटलं, घरात बंदूक असली की ही परत येईल. सगळ्यांना मी सांगतो की ज्ञानदाच्या बाळंतपणासाठी गेली आहे. आता ते बाळंतपण दुडूदुडू पळायला लागलं, तरी मी तेच सांगतो.

लायसन्सला दीड वर्ष लागलं. कलेक्टर ऑफिस, ठाणं, डॉक्टर, परत ठाणं. बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची याचं रीतसर ट्रेनिंग झालं. त्यात माझ्या आजूबाजूला सगळे सिलतऱ्याच्या कारखान्यांवर गार्डची नोकरी करणारे तगडे गडी, आणि मध्ये मी, चष्म्याला दोरी बांधलेला. सगळे मला दादाजी म्हणायचे. पण एक सांगतो, खोटं वाटेल तुला, मला ती जमली. पंपाचा दांडा मागे ओढून पुढे ढकलला की जो खटका बसतो ना, तो अगदी आपल्या सिग्नल केबिनमधल्या लिव्हरसारखा. रूळ बदलणारा पॉइंट लॉक झाला की हाताला कळतं, डोळ्यांनी बघावं लागत नाही. इतक्या वर्षांनी तो खटका हाताला लागला आणि मला वाटलं, चला, आता सगळं जागेवर येणार.

बंदुकीचं दुकान हरिदास भैयांचं. सत्तरीचा माणूस, काउंटरवर मारुतीचा फोटो, शेजारी पानाचा डबा. त्यांनी चार बंदुका दाखवल्या. सगळ्यात हलकी निवडून दिली आणि म्हणाले, खांदा तुमचा आहे, जाहिरातीतल्या पहिलवानाचा नाही. मग मी म्हटलं, आता काडतुसं द्या, चांगली जोरदार. तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं तू मी भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातल्यावर पाहतेस. म्हणाले, पहिल्यांदा बंदूक नेणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी काडतुसं देत नाही. वडिलांपासूनचा नियम आहे. मी चिडलो. लायसन्स माझं, तुमच्या वडिलांचं काय? त्यांनी चार काडतुसं काचेवर उभी केली आणि एकेकात काय असतं ते कागदावर ओतून दाखवलं. आठ नंबरात मोहरीसारखे बारीक छर्रे, ते चिमण्यापाखरांचे. चार नंबरात ज्वारीचे दाणे. एलजीत हरभऱ्याएवढे, मोजून थोडेच. आणि चौथ्यात एकच गोळी, बोराएवढी. मी लगेच हरभऱ्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, हे आपल्या एका विटेच्या भिंतीला विचारत नाही, पलीकडे निघून जातं. लहान घेतलं तर थोड्या अंतरावरच दम तुटतो. तेव्हा कोणतं घ्यायचं ते दुकानात ठरत नाही, घरात ठरतं. आणि मग जे विचारलं ते छत्तीसगढीत विचारलं, कारण मनातलं बोलताना त्यांना हिंदी पुरत नाही. "निशाना चूकिस, त पाछू म का हे, साहब?" नेम चुकला, तर मागे काय आहे? घरी जा, मापं घ्या, मागे काय काय आहे ते लिहून आणा, मग या.

मापं घ्यायला मला कुणी सांगावं आणि मी मागे राहावं? स्टीलचा टेप काढला, वही काढली. खोलीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत सव्वीस फूट. त्या दारापासून मुनग्याच्या झाडापर्यंत, म्हणजे आपल्या शेवग्यापर्यंत, अकरा. मुनग्यामागे कंपाउंडची भिंत, एका विटेची. भिंतीमागे भावनाचं घर. मी टेप घेऊन तिच्या दारात. तिने विचारलं, "काका, दीवार खिसकाने वाले हो क्या?" मी म्हटलं, तू शिलाई मशीन कुठे ठेवतेस ते दाखव. बिचारीने दाखवलं. मशीन बरोबर त्या भिंतीला टेकून. सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत ती तिथे पाठ करून बसलेली असते, आपल्या मुनग्याकडे पाठ करून. मी वहीत लिहिलं, मागे भावना. हरभऱ्यावर काट मारली. मग ज्वारीचा विचार करत बसलो.

आता तो मुनगा. दोन वर्षांपूर्वी गणपतीत तात्यापाऱ्यात तुमच्या महिला मंडळाची भजनं होती. चारला निघालो, आठला आलो, तर मागचं दार सताड उघडं आणि कपाटातून तुझ्या आईची सोन्याची एकदाणी गेलेली. पोलीस आले. त्या हवालदाराने बॅटरी मारत मागचं अंगण पाहिलं आणि मुनग्याखाली त्याला सिगरेटचं थोटूक सापडलं. त्याने ते कागदाने उचलून पिशवीत घातलं आणि तुझ्याकडे बघून म्हणाला, "चोर यहीं खड़ा होके घर ताक रहा था, माताजी. आराम से सिगरेट पी के अंदर गया है." एकदाणी गेल्याचं तू चार दिवसांत गिळलंस. पण हे वाक्य तुझ्या आत जाऊन बसलं. मागच्या दाराशी भांडी घासणं तू सोडलंस. फोडणी देताना मध्येच वळून बघायचीस. म्हणायचीस, "मले वाटते तो अजून तिथंच उभा हाये."

आणि मी काय केलं? तुला धीर द्यायचा सोडून चौकशी लावली. रेल्वेत गाडी घसरली की जागेवर जॉइंट नोट करतात, कुणी काय केलं, कुणी काय केलं नाही, सगळ्यांच्या सह्या. तशी मी घरात केली. बायकोला समोर बसवून! तू तीनदा म्हणालीस, "मी कपडे आत आणले अन् कडी लावली होती जी, मले पक्कं आठवते." मी म्हटलं, मग दार काय आपोआप उघडलं? लॉक झालेला पॉइंट कधी आपोआप उघडत नाही. मी लिहिलं, मागच्या दाराची कडी लावण्याचे सौ. वनमाला यांच्याकडून राहून गेले. तू म्हणालीस, "काहून पाहिजे माही सही? घ्या." आणि केलीस. ती सही वाकडी आली आहे, तुझं अक्षर असं कधीच नव्हतं.

मागच्या महिन्यात ज्ञानदाचा फोन आला होता, तुला न सांगता. म्हणाली, बाबा, आई झोपायच्या आधी चार चार वेळा उठून कडी बघते. गॅस बंद केला तरी मला बघायला लावते. विराजला एकटी उचलून जिना उतरत नाही. विचारलं तर म्हणते, माह्या हाताचा भरवसा नाही राहिला. मी तेव्हा ज्ञानदाला म्हटलं, भीती आहे ती, चोराची. बंदूक आली की जाईल. असं बोललो मी, वनमाला, आणि फोन ठेवून जेवलोसुद्धा.

खंडेनवमीला तू नेहमी करतेस तशी पूजा मांडली. स्वयंपाकघरात पाट, पाटावर तुझी विळी, माझा जुना पाना, झेंडूची फुलं, आणि या वर्षी मधोमध बंदूक. रिकामी, दोनदा तपासलेली. हळदकुंकू वाहिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, हिला कशाला फुलं, ती काय पुरणपोळी लाटते? घरात इतकं सामसूम होतं की मला बसवेना. मी मागचं दार उघडून बाहेर गेलो. मुनग्याखाली उभा राहिलो. आणि खिशातून सिगरेट काढून पेटवली.

हो. सोडली नव्हती. छातीत दुखलं तेव्हा ज्ञानदाच्या डोक्यावर हात ठेवून तुला शब्द दिला होता, तरी सोडली नव्हती. रोज एक, मुनग्याखाली, तू पूजेला किंवा आंघोळीला गेलीस की. पहिला झुरका घेऊन वर पाहिलं तर उघड्या दारातून पाट दिसत होता, आणि पाटावरच्या बंदुकीची नळी सरळ माझ्याकडे. रिकामी होती हे माहीत असूनही मी खोडाला पाठ लावली. हरिदास भैयांचा प्रश्न तिथे कानात आला. मागे काय आहे? मागे भावना. आणि तिच्याही पुढे, नेमाच्या जागी, मी. ज्या माणसासाठी दीड वर्ष मी ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या, ज्याच्यासाठी मोहरी, ज्वारी आणि हरभरा निवडत बसलो, तो माणूस मुनग्याखाली सिगरेट ओढत उभा होता.

ते थोटूक माझं होतं. हवालदाराने उचललं तेव्हाच मी ओळखलं. त्या दिवशी तू पुढच्या खोलीत पातळ नेसत होतीस आणि मी कडी काढून मागे गेलो. अर्धी ओढली नाही तोच तू हाक मारलीस, ऑटो आला. विझवली, आत आलो, दार नुसतं लोटलं. घाई हातांत नव्हती, चोरी हातांत होती. पकडलं जाऊ नये म्हणून कडीचा आवाजही केला नाही. नंतर चोर आला तो खराच, पण त्याने कुठे सिगरेट ओढली नाही की घराकडे टक लावून उभा राहिला नाही. लोटलेलं दार दिसलं आणि आत शिरला. एक शब्द मी बोललो असतो तर तुझ्या मनातला तो माणूस त्याच मिनिटाला मेला असता. पण शब्द मोडल्याचं कळेल म्हणून गप्प बसलो, आणि गप्प बसलेलं झाकायला तुझी सही घेतली. मला लाज वाटते. याहून मोठा शब्द मला येत नाही.

दसऱ्याच्या दिवशी बंदूक हरिदास भैयांकडे जमा केली. सांगितलं, काडतूस कोणतंच नको, विक्रीचे कागद करा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, "हव", बरं, म्हणाले आणि पान पुढे केलं. तिथून ठाण्यात गेलो. तिथे त्यांच्या बंदुकांना हार घातलेले, सगळे पेढे खात होते. मी लेखी दिलं की ते थोटूक चोराचं नव्हतं, माझं होतं. मुन्शीने दोनदा वाचलं, ती पिशवी कपाटात शोधली, सापडली नाही. मग म्हणाला, दादाजी, दो साल बाद? मी म्हटलं, हो, दोन वर्षं लागली.

तर पत्राचं कारण हे. तुझ्या वाकड्या सहीचा तो कागद सोबत परत पाठवतो आहे. तो माझ्याकडे राहायला नको. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी नवी नोट लिहिली आहे, जबाबदारी कुणाची त्यापुढे माझं नाव आहे आणि खाली माझी सही. ज्ञानदाला मोठ्याने वाचायला सांग, म्हणजे तिलाही कळेल तिच्या बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवून काय केलं. ये असं मी म्हणत नाही. तो हक्क राहिलेला नाही, आणि रागावलीस तर पोटभर रागव. एवढंच कर. आज झोपायच्या आधी कडी लावशील ती एकदाच लाव, आणि मग विराजला कडेवर घेऊन खुशाल जिना उतर. तुझा हात कधीच चुकला नव्हता. त्या दिवशी कडी तू लावली होतीस, वनमाला. मी उघडली.

तुझाच, आणि आता काही न लपवणारा,
शंकर