काळ्या मुरंब्याची चौकशी

माउंट रॉस्किल, ऑकलंड

तीर्थस्वरूप सरोजताईस,

धाकट्या बाळासाहेबाचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? आम्ही उभयता शंतनूकडे सुखरूप आहोत. सुनीता आणि मी घरात दोन-दोन स्वेटर घालून बसतो, कारण इथली घरं बाहेरपेक्षा आतून जास्त गार असतात. शंतनूच्या लग्नातल्या अहेराच्या साडीपासून आपण बोलत नाही, हे मी विसरलेलो नाही. (साडी सुनीताने बदलली नव्हती, पण तो विषय आत्ता नको.) पत्राला बोलणं म्हणत नाहीत, म्हणून लिहितो आहे.

कारण असं, की आमच्या मृणालिनीने, तुझ्या भाचीने, स्वतःचं लग्न ठरवलं आहे. मुलगा स्वीडनचा. हेन्रिक नाव. दोघं ख्राइस्टचर्चला एकाच कंपनीत इमारती भूकंपात टिकतील की नाही ते तपासतात. उंच आहे, शांत आहे, भांडी घासतो. मी गोत्र विचारलं तर ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत उत्तम. एवढ्याला माझी हरकत नव्हती. पण शंतनूने इंटरनेटवर त्याचा जुना फोटो शोधून काढला. त्यात तोंडाला काळं-पांढरं फासून तो बर्फात उभा होता, आणि मागे एक मेलेलं झाड होतं. सुनीताने त्या फोटोची दृष्ट काढली.

तो म्हणे एका ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचा. हा एक संगीताचा प्रकार आहे. त्यात सैतान, मरण आणि थंडी या विषयांवर किंचाळतात. आता स्थळाची चौकशी घरच्यांकडे करायची नसते, ज्याचं त्यांच्याशी पटत नाही त्याला गाठायचं, ही आपल्या अण्णांची पद्धत तुला माहीत आहे. मी त्या बँडच्या जुन्या गायकाचा, आन्देशचा, पत्ता मिळवला. हेन्रिक आणि तो कित्येक वर्षं बोलत नव्हते. त्याला मी सविस्तर ई-मेल केला, की मुलगा कसा आहे, व्यसन काय, बँड का फुटला, सर्व निःसंकोच कळवावे. (उत्तर वाईट आलं असतं तर मला बरंच वाटलं असतं, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही.)

उत्तर म्हणून बँडचा अख्खा इतिहास आला. नाव स्वार्तसिल्ट, म्हणजे काळा मुरंबा. आन्देशच्या आईच्या तळघरात, मुरंब्याच्या बरण्यांमध्ये त्यांचा सराव चाले आणि ड्रमच्या हादऱ्याने बरण्या फुटत. आई चर्चला जाणारी, कडक. सैतानाचं नाव माझ्या घरात घ्यायचं नाही, अशी तिची अट. म्हणून या पोरांनी सैतान वगळून फक्त थंडीवर गाणी केली. गिटारवाला सोडून गेला तेव्हा चर्चने टाकून दिलेली पायपेटी आणून बसवली. पहिल्या कार्यक्रमाला पायपेटी बघून या पंथाचे कट्टर लोक उठून गेले आणि त्यांच्या आज्या बसून राहिल्या. पुढच्या रेकॉर्डच्या वेळी आन्देशचा घसा बसला होता, तर त्याने सगळी गाणी कुजबुजत म्हटली. जाणकारांनी ती डोक्यावर घेतली. मी ऐकली. आजाऱ्याच्या खोलीत कोणी हळू बोलावं तसं वाटतं, पण वाईट नाही.

मग फूट पडली. एका कार्यक्रमानंतर हेन्रिक तोंड धुऊन जेवायला बसला. आन्देशचं म्हणणं, कलावंताने रंगासकट जेवावं. दोघांनी ताटं सरकवली आणि त्या दिवसापासून अबोला. दोन स्वार्तसिल्ट झाले, आणि दोन्ही स्वतःला मूळ म्हणवू लागले. इथपर्यंत मला परकं असं काहीच वाटलं नाही.

पण माझा ई-मेल वाचून आन्देशने भलताच अर्थ काढला. एवढा वयस्कर माणूस हेन्रिकच्या वतीने विचारपूस करतो आहे, म्हणजे समेटासाठीच पाठवलेला असणार, असं त्याला वाटलं. त्याने लगेच हेन्रिकला फोन केला. दोघं म्हणे फोनवर खूप रडले. आता पायपेटीसकट सगळे ख्राइस्टचर्चला लग्नाला येणार आहेत. मी पाचर मारायला गेलो आणि सांधा जोडून बसलो. मृणालिनी मात्र भडकली. ‘बाबा, माझ्या पाठीमागे चौकशी? हीप्स एम्बॅरसिंग आहे हे,’ (म्हणजे भलतंच लाजिरवाणं) एवढं म्हणून तिने फोन ठेवला, तो अजून उचललेला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं.

भाऊजींना नमस्कार, तुझ्या नातीला, इशिताला, आशीर्वाद.

तुझा,
बाळासाहेब

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. हेन्रिकला वडील नाहीत, म्हणून आन्देश आता मुलाकडचा वडीलधारा झाला आहे. त्याला आपली पद्धत पसंत पडली. त्यानेही विचारलं, की तुमच्याशी न बोलणाऱ्या, पण तुम्हाला पुरतं ओळखणाऱ्या एका माणसाचं नाव द्या. मी बराच विचार केला. तसं एकच नाव निघालं. इशिताच्या ई-मेलवर त्याचं पत्र येईल. खरं असेल ते लिही.

ता. क. दुसरा. हे पाकीट बंद करताना सुनीताला मृणालिनीचा मेसेज आला, रजिस्ट्रारकडची तारीख पक्की झाली. तेव्हा तू काहीही लिहिलंस तरी लग्न व्हायचं ते होणारच, आणि चौकशीला आता काडीचाही अर्थ उरलेला नाही. तरी आन्देशला उत्तर दे, आणि त्याची एक प्रत मला पाठव. माझ्याबद्दल तू काय लिहितेस ते मला वाचायचं आहे.