एका वितीचा कल

छत्रपती संभाजीनगर,
दि. २० जून २०२४

ती. मुक्ताताईस,

धाकट्या सुदर्शनचा नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. उस्मानपुऱ्यात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, त्यात भागवतो. पाचोडला पाऊस झाल्याचं दाजींनी सांगितलं. पेरणी झाली का?

खरं तर हे फोनवर बोलायचं होतं. तीनदा लावलाही. पण तुझा आवाज आला की मी तब्येत विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून लिहितोय.

आधी कामाचं. बीड बायपासजवळची आमची इमारत सतराव्या मजल्यापर्यंत आली. तू ती पाहिलेली नाहीस. एकूण बावीस मजले, सगळी राहायची घरं, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा एक अंश फिरवलेला. मधल्या लिफ्टच्या भिंती सरळ आहेत, पण कडेचे खांब दर मजल्याला एक वीत बाजूला कलत जातात. लांबून पाहिलं तर कुणी धुणं पिळायला घेतल्यासारखी दिसते. नकाशे पुण्याहून येतात. कुठला खांब किती कलवायचा ते जागेवर आखणं आणि तपासणं हे माझं काम.

आबांना तिथं मीच लावलं, हे तुला माहीत आहे. पाण्यावाचून पाचोडकडची बांधकामं बंद पडली होती आणि घरी बसायला ते तयार नव्हते. पहिल्या दिवशी खाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "शहरात प्यायला पाणी नाय, अन् हे काय पिळायला निघालेत?" सगळे मजूर हसले. आमचं बापलेकाचं नातं तिथं कुणाला कळू द्यायचं नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. बापाला कामावर ठेवलं असं कुणी म्हणू नये म्हणून. मला ते साहेब म्हणायचे. आधी गमतीनं, मग सवयीनं.

खांबाचं काँक्रीट ज्यात ओततात त्या पेट्या उभ्या करायचं काम त्यांच्याकडे होतं. चाळीस वर्षांचा गवंडी, ओळंबा कायम खिशात. पेटी कललेली दिसली की त्यांना चैन पडत नसे. हा कल नकाशातलाच आहे, असं मी दोनदा समजावलं. "व्हय साहेब," म्हणाले.

मेच्या पहिल्या आठवड्यात, चौदाव्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खांबाला त्यांनी ओळंबा लावला आणि पेटी आतल्या सळ्यांसकट रेटून सरळ केली. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली तर खांब अगदी ताठ उभा. वरच्या मजल्याशी त्याचा मेळच बसेना. तो फोडावा लागणार होता. मोठे साहेब वर आले होते, पन्नासेक माणसं जमली होती.

मी विचारलं, हे कुणी करायला सांगितलं? आबा म्हणाले, "माणसं राहणार हायेत यात. कलतं कसं ठिवायचं?"

मी म्हणालो, "मिस्त्री, डोळ्यांनी दिसत नसेल तर घरी बसा. उद्यापासून येऊ नका."

मी त्यांना मिस्त्री म्हणालो, ताई.

त्यांनी थापी, रंधा गोणीत भरला आणि जिना उतरून गेले. संध्याकाळी घरी आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो. भाजी चांगली झालीय, एवढंच त्यांनी सुनेला सांगितलं. सकाळच्या एसटीनं तुझ्याकडे आले.

इथवर लिहून मी चहा घेऊन आलो. पत्र इथंच संपवावं असं वाटत होतं. पण अजून आहे.

काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक खांब मोजून कागदावर सही करायची असते. ती माझी सही. त्या दिवशी काँक्रीटवर मारायच्या पाण्याचा टँकर आला नव्हता आणि मी फाटकाशी ड्रायव्हरशी फोनवर भांडत होतो. कागद खाली आला, मी वर न जाताच सही केली. चूक एका वितीची होती. वर गेलो असतो तर नुसत्या डोळ्यांनी दिसली असती. मोठे साहेब तो कागद मागतील, त्याआधीच मी आबांवर आवाज चढवला.

आबांच्या दहाव्याला तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मीच फोन करकरून आबांना इथं बोलावलं, नाहीतर ते भर उन्हात पाण्याच्या टँकरपाशी उभे राहिले नसते, ऊन लागून गेले नसते." आबा स्वतः तुला म्हणाले होते म्हणे, "तू बोलावलंस म्हणून आलो." मी तुझ्या समोरच बसलो होतो. मुंडन केलेलं डोकं खाली घालून बसून राहिलो.

तुझ्या बोलावण्यानं ते आले नाहीत, ताई. तुझे फोन तर दोन महिने चालूच होते आणि ते हसून टाळत होते. त्यांनी माझं झाकलं. त्याचा भार तुझ्यावर पडेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल. अकरा दिवसांत आपण जाणार, हे त्यांना तरी कुठं माहीत होतं?

दाजी म्हणाले, टँकरचा आवाज आला की तू अजून आतल्या खोलीत जाऊन बसतेस. ते ऐकल्यापासून मला हे धरून ठेवता येईना.

परवा मी तो कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवला. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. रविवारी पाचोडला येतोय. दहाव्याला जे जे बसले होते त्यांना दाजींनी बोलावून घ्यावं. आबांना मी चारचौघांत बोललो, तेव्हा हेही चारचौघांतच सांगणार आहे. तुला ऐकवणार नसेल तर आत राहा. मला घरात घ्यायचं नसेल तर ओट्यावरून बोलेन. पण बोलल्याशिवाय परत जाणार नाही.

अजून तुझा भाऊ म्हणवून घेणारा,
सुदर्शन