गाडी हलकी झाली

॥ श्री ॥
भाईंदर (प.)
१४ एप्रिल २०२५

ती. शालूताईस,
लीलाधरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर मी ओरडायचं आणि तू भलतंच उत्तर द्यायचं, त्यापेक्षा पत्र बरं. मुख्य बातमी ही की तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. १९ मे. डॉक्टर जूनच्या मध्यावर मुलाकडे परदेशी जाणार आहेत आणि पावसाळा संपल्याशिवाय परतणार नाहीत. म्हणजे आता नाही तर दिवाळीपर्यंत तू आणि तुझी काठी. तुला एसटी लागते, पाय दुमडत नाही, म्हणून मी स्वतः गाडी घेऊन दहा दिवस आधी न्यायला येतो.

आता गाडीबद्दल. आपली पांढरी गाडी वीस वर्षांची झाली, लिटरला चौदा देते. आमच्या विंगमधल्या साहिलने मला मोबाइलवर काही व्हिडिओ दाखवले आणि माझे डोळेच उघडले. गाडी पेट्रोल पिते ते वजनापायी आणि वाऱ्यापायी. मी टायरांत हवा कडक भरली, टपावरचं कॅरिअर उतरवलं, पुढच्या जाळीला पुठ्ठा लावला आणि स्टेपनी घरात आणून ठेवली. लगेच साडेसोळा! तुला आणायला निघेन तोवर विशीच्या पुढे नेतो की नाही बघ.

हेमाली मजेत आहे, थोडी चिडलेली आहे. तुझी माया आहे तशीच चालू ठेव, तिला पेट्रोल लागत नाही.

तुझा,
लीलाधर


पालशेत, ता. गुहागर
२३ एप्रिल २०२५

चि. लीलाधर यास,
शालूताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला आणि धडकीही भरली. सातवीत असताना तू सायकल हलकी व्हावी म्हणून तिचे ब्रेक काढले होतेस आणि उतारावरून थेट सदूच्या गोठ्यात शिरला होतास. म्हशीने आठवडाभर दूध दिलं नाही. तेव्हा बाबा, ब्रेक तेवढे राहू देत.

दुसरं मागणं मागच्या सीटचं. उजवा पाय आता जराही वाकत नाही. पूर्ण सीटवर पाय लांब टाकून, दाराला उशी लावून बसले तरच मी भाईंदर बघणार. विहिरीवर जाणं बंद झालंय, देवळाची पायरी चढून महिना झाला. तुला म्हणून सांगते, मला त्या ऑपरेशनची भीती वाटते. पण तू गाडी चालवतोयस आणि मी मागे बसून तुझ्या टकलाकडे बघतेय, असं डोळ्यांपुढे आणलं की निम्मी भीती जाते.

बरोबर फार काही आणणार नाही. थोडे तांदूळ, थोडी आमसुलं, एक फणस. उन्हात गाडीखाली शिरू नकोस.

तुझी,
शालूताई


भाईंदर (प.)
३ मे २०२५

ती. वन्संना,
हेमालीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुमच्या भावाने पार्किंगमध्ये वजनकाटा आणून ठेवलाय. गाडीत बसण्याआधी त्यावर उभं राहायचं. मी उभी राहिले आणि त्या दिवसापासून बाजारात रिक्षाने जाते. हे मागून त्याच बाजारात गाडी घेऊन येतात, एकटेच, कारण माझ्यामुळे अ‍ॅव्हरेज पडतं. एसी काढला. डॅशबोर्डवरचा पितळी गणपती उतरवून त्या जागी कागदाचा चिकटवला. घोडबंदरच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडतात, मागून ट्रकवाले काय काय बोलतात ते मी पत्रात लिहू शकत नाही. पुढची डावी सीट सध्या माझ्या गॅलरीत आहे. तिच्यावर बसून मी मेथी निवडते.

आणि आता मुख्य गोष्ट. परवा समुद्रकाठच्या चौक गावी मासळी आणायला गेले होते. तिथे गॅरेजवाल्या राघोच्या ओट्यावर त्याची आई, आनंदीआजी, समुद्राकडे तोंड करून ऐटीत बसलेली. कशावर, तर आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर! मी शिवलेल्या फुलाफुलांच्या कव्हरासकट! राघोला विचारलं तर त्याचं म्हणणं, दादा बोलले गारीला भार हाय, आयला बसायला बरी हाय, म्हणून आणली. घरी येऊन मी भांडले. त्यावर हे म्हणाले की शालूताईला गादी घालून झोपवूनच आणणार, म्हणजे पाय आपोआप सरळ राहील.

मला फार कठोर होता येत नाही, वन्सं. रिटायर झाल्यापासून ह्यांना कुणी काही विचारत नव्हतं. आता रोज चार माणसं गाडीभोवती जमतात, हे समजावून सांगतात, चेहरा खुलतो. पण सीट गेली ती गेली. तुम्हीच कान पिळा.

तुमची,
हेमाली


पालशेत
१० मे २०२५

चि. सौ. हेमालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझा नवरा एकाच दिवशी पोचले. नवरा अंमळ आधी. त्यामुळे कान पिळायला सवड मिळाली नाही. आल्या आल्या त्याने साऱ्या वाडीला सांगितलं की गाडीने लिटरला चोवीस दिले. मी नवी साडी नेसून, पिशवी घेऊन, काठी टेकत अंगणात आले. त्याने मागचं दार उघडलं. आत चादर घातलेली गादी आणि तिच्याखाली नुसता पत्रा.

तरी मी प्रयत्न केला, खोटं नाही सांगत. मला आडवं करून आत सरकवलं. गुडघा दाराला आपटला आणि मी अशी किंचाळले की सदूची बायको धावत आली. चौघांनी उचलून बाहेर काढलं. पलीकडच्या आळीत मी गेल्याची बातमी पोचली होती, दोघी तर पदर डोळ्यांना लावूनच आल्या.

पुढचं तुला सांगायला नको, तू इथे नांदली नाहीस तरी चार गणपती केलेस. मुंबईकडे गाडी चाललीय, तीही आतून अख्खी रिकामी, हे वाडीला कळायला किती वेळ लागतो? सदूने लेकीसाठी तांदळाचं पोतं आणलं. कुणी नालासोपाऱ्याच्या भावासाठी फणस, कुणी दहिसरच्या सुनेसाठी सुकट. नाही म्हणायची माझी काय टाप? आजारपणात हीच माणसं मला पेज आणून देतात. लीलाधर मान खाली घालून सामान आत लावत होता. टपापर्यंत गाडी भरली. माझी पिशवी तेवढी खाली राहिली आणि मीही.

हे पत्र त्याच्याच हाती देतेय. पोचला की त्याला आधी जेवायला घाल. मघाशी पाया पडला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माझेही.

तुझी,
शालूताई


भाईंदर (प.)
१६ मे २०२५

ती. शालूताईस,
शि. सा. नमस्कार.

अ‍ॅव्हरेज विचारू नकोस. येताना एक टायर फुटला आणि स्टेपनी घरी होती. त्यानंतर चार दिवस मी सदूच्या लेकीचं पोतं आणि कुणाकुणाचे फणस वाटत फिरतोय. गाडीला सुकटीचा वास लागलाय, साहिल आता जवळ येत नाही.

तुझी १९ तारीख गेली, आधीच्या तपासण्यांना दिवसच उरले नाहीत. ती माझ्यामुळे गेली. डॉक्टरांपुढे हात जोडले, त्यांनी २ जून दिली आणि ही शेवटची म्हणून बजावलं. तिथून तडक चौकला गेलो. आनंदीआजी सीटवर बसली होती. तिचेही गुडघे गेलेत ताई, जमिनीवर बसता येत नाही. मला सीट मागवेना. शेवटी तिनेच विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती उठली, भिंत धरत बाजूला झाली आणि म्हणाली की भार हाय तो न्हायसा कराय बयनीचीच जागा गावली काय रं तुला. राघोसमोर म्हणाली. मी सीट उचलली.

माझी गॅलरीतली आरामखुर्ची तिला देऊन आलो. दोन्ही सीट बसवल्या, स्टेपनी ठेवली, पुठ्ठा फाडला. पितळी गणपतीही जागेवर आला. हेमालीसुद्धा येतेय, तिने वजनकाटा भंगारवाल्याला दिला. २८ ला पोचतो. गाडी पुन्हा चौदावर आली. या खेपेला वाडीत कुणाला सांगू नकोस. रागावली असलीस तर दारात रागव, पण ये.

तुझा अपराधी,
लीलाधर


पालशेत
२१ मे २०२५

चि. लीलाधर यास,
अनेक आशीर्वाद.

राग तू अंगणातून गाडी वळवलीस तेव्हाच गेला. आनंदीबाईंना माझा नमस्कार सांग, बरी झाले की आपण दोघी त्यांच्या ओट्यावर बसू.

चौदाचं दुःख करू नकोस. तुला पाढे मीच शिकवले, तरी तू इतके दिवस एकट्याचाच हिशेब मांडत बसलास. येताना तू, हेमाली आणि मी. चौदा त्रिक बेचाळीस. त्या व्हिडिओवाल्यांना विचार, कुणाची गाडी देते का एवढं.

वाडीत कुणाला सांगितलेलं नाही. सदूच्या बायकोला तेवढं माहीत आहे. तिचा एकच फणस आहे, तो माझ्या मांडीवर बसेल.

वाट बघणारी,
शालूताई