तेहतिसाव्या नंबरची सोय

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय लिफ्ट दुरुस्ती, सध्या निवृत्त, राहणार नगरपालिकेच्या परवडणाऱ्या घरांच्या योजनेतली पहिली इमारत, दुसरा मजला, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "कान थोडे गेलेत, गुडघे बरेच गेलेत, डोकं मात्र शाबूत आहे." हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी, आणि तिला जाऊन चार वर्षं झाली. माझं आधीचं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. त्याची निम्मी पानं साडूंना शिव्या देण्यात गेली होती.

कलम १. माझा अंत्यविधी साधा असावा. भाषणं नकोत. इमारतीचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिलेच, तर कोणीतरी त्यांना घड्याळ दाखवावं.

कलम २. माझी सगळी हत्यारं धाकट्या मुलीला द्यावीत. ती शिवणयंत्रं दुरुस्त करते आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. थोरला मुलगा परगावी दातांचा डॉक्टर आहे. त्याला पान्हा आणि पकड यातला फरक अजून कळत नाही, तेव्हा त्याने वाईट वाटून घेऊ नये. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं. भांडावं इतकं ते नाही.

कलम ३. या कलमात देण्याघेण्याचं काही नाही. पण हे वाचल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत, म्हणून वकीलबाई नको म्हणत असतानाही लिहितो.

आमच्या इमारतीशेजारी योजनेची दुसरी इमारत व्हायची होती. सात मजले, छप्पन्न घरं, दोन लिफ्ट. पाया भरला, खांब कमरेइतके वर आले आणि नगरपालिकेचा खिसा रिकामा झाला. तीन वर्षं त्या खांबांवर लोकांनी गाद्या वाळत घातल्या. दोन वर्षांपूर्वी नोटीस लागली की योजनेचा फेरविचार होणार, प्लॉट खाजगी बिल्डरला विकायचा विचार आहे, हरकती असतील तर सभागृहात येऊन मांडाव्यात. माझी धाकटी नवरा आणि सासू-सासऱ्यांसह एका खोलीत राहत होती. नव्या घरांच्या यादीत तिचा नंबर सतरावा. मी गेलो.

सभागृह गच्च भरलं होतं. वित्त अधिकारी भला माणूस, पण आवाज असा की ऐकणाऱ्याला झोप यावी. त्यांनी सांगितलं, सात मजले झेपणार नाहीत, लिफ्टचा खर्च तर नाहीच नाही. मी हात वर केला आणि म्हणालो, "मग लिफ्ट काढा."

मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, तुम्हीच ना लिफ्टवाले काका?" सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, "चाळीस वर्षं लिफ्टवर पोट भरलं म्हणूनच सांगतोय. चार मजल्यांच्या वर गेलं की लिफ्ट सक्तीची. मग तळमजला धरून चारच बांधा. म्हातारे आणि अपंग खाली, तरण्यांनी जिने चढावेत. लिफ्टची जागा मोकळी सोडा. पैसे येतील तेव्हा वरचे तीन मजले चढवा आणि लिफ्ट बसवा. प्लॉट विकलात तर परत मिळणार नाही."

अध्यक्षबाईंनी बांधकाम इंजिनियरना विचारलं, "हे जमेल का?"

बांधकाम इंजिनियर म्हणजे माझे साडू.

कलम ४. साडूंविषयी. सोळा वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत कोणती लिफ्ट घ्यावी हे मी त्यांना लेखी कळवलं होतं. त्यांनी दुसरीच घेतली. ती पहिल्याच महिन्यात अकरा वेळा बंद पडली आणि अकराव्या वेळी माझी पत्नी दोन तास आत अडकली. त्या दिवसापासून मी साडूंशी बोललो नाही. जे काही बोलायचं ते दोघी बहिणींमार्फत. "तुझ्या भावजींना सांग" या तीन शब्दांवर पत्नी असेपर्यंत आमच्या दोन्ही घरांचं भागलं. पत्नी गेली तेव्हाही ते दाराशी उभे राहिले आणि मी खिडकीशी.

तर साडू उठले. चष्मा पुसला. म्हणाले, "पाया सात मजल्यांचा आहे, चार तर झोपेत उभे राहतील. मागे एकदा लिफ्टच्या बाबतीत मी या गृहस्थांचं ऐकलं नव्हतं. ती चूक माझी होती. इतिवृत्तात लिहून घ्या."

इतिवृत्तात ते लिहिलं गेलं. नक्कल मी काढून आणली आहे, ती कपाटात वरच्या खणात आहे. बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. म्हणालो, "माझी शिडी अजून तुमच्याकडेच आहे." ते म्हणाले, "आहे ना. रोज बघतो तिच्याकडे." मग बराच वेळ आम्ही दोघंही नाक पुसत उभे होतो.

ती शिडी मी या मृत्युपत्राने त्यांना देऊन टाकणार होतो. पण वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवलं तर ते टिकत नाही, आणि साक्षीदार म्हणून मला तेच हवेत. तेव्हा साडूंनी शिडी परत आणावी.

कलम ५. माझं घर. नगरपालिकेने चार मजल्यांचा ठराव मंजूर केला. इमारत उभी राहिली, धाकटी तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. बत्तीस घरं झाली. म्हणजे यादी बत्तीसवर थांबली.

तेहतिसावा नंबर कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या ताईंचा. त्या आणि त्यांची आई लाँड्रीच्या मागच्या खोलीत राहतात. तिथल्या भिंती वाफेने वर्षभर ओल्या असतात आणि आईला दम्याचा त्रास आहे. ठरावाच्या दुसऱ्या दिवशी मी शर्ट आणायला गेलो, तेव्हा मान वर होईना. ताईच म्हणाल्या, "काका, तोंड का पाडता? तुम्ही बोलला नसतात तर एकही घर झालं नसतं. बत्तीस जणांचं भलं झालं. माझ्या नशिबाला बत्तीसपर्यंतच मोजता येतं, एवढंच." आणि शर्टाची घडी माझ्या हातात दिली. लिफ्ट काढा म्हणणारा मीच. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून असं ठरवतो: माझ्या पश्चात या घरात ताई आणि त्यांच्या आईने राहावं, भाडं न देता. दुसऱ्या इमारतीचे उरलेले मजले चढून त्यांना त्यांचं घर मिळेपर्यंत हा हक्क त्यांचा. मालकी थोरल्या मुलाची, पण तोवर त्याने त्यांना उठवू नये.

हे थोरल्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, घरातली माणसं सोडून लाँड्रीवाल्यांना?" मी म्हणालो, "एकदा येऊन जा." तो आला. मी फक्त माझा कोट आणायला त्याला लाँड्रीत पाठवलं. ताईंच्या आईने त्याला आत बोलावून बसवलं आणि स्वतःची दाढही दाखवून घेतली. तो अर्ध्या तासाने वर आला. बोटं रुमालाला पुसत म्हणाला, "भिंतीला हात लावला तर पोपडा हातात आला. दात किडावा तशी किडलीय. लिहा तुम्ही. आणि त्या आजींना सांगा, दाढ काढायला मीच येईन." मुलाला शिकवल्याचं त्या दिवशी चीज झालं.

कलम ६. मृत्युपत्राचा अंमल वकीलबाईंनी करावा. फी त्या घेणार नाहीत म्हणतात. त्यांना ती घ्यायला लावावी.

कलम ७. वरचं सगळं पक्कं झाल्यावर मी कलम पाच ताईंना आणि त्यांच्या आईला वाचून दाखवायला गेलो. ताई रडतील अशी भीती होती. त्या म्हणाल्या, "काका, म्हणजे आता रोज सकाळी तुम्ही धडधाकट दिसलात की मी काय समजायचं?" मला हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला. तशी आजी आतून म्हणाल्या, "अगं, बघ गं, लागला वाटतं आपला नंबर!"

तिघंही हसत होतो, पण आजींचं हसणं थांबून खोकला सुरू झाला आणि तो काही थांबेना. ताईंनी त्यांना पाठीला हात देऊन बसवलं. मी तिथे हातात कागद धरून उभा होतो. माझी तब्येत ठणठणीत. अजून दहा वर्षं तरी मी कुठे जात नाही. आणि माझ्या घरात दोन खोल्या, त्यातली एक चार वर्षं बंद. हे मी कोणासाठी आणि कधीसाठी लिहितोय?

मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "ताई, सामान किती आहे तुमचं?"

बंद खोली उघडून धाकटीने भिंती रंगवल्या. साडूंनी खिडकीच्या बिजागऱ्या बदलल्या. एक उलटी बसवली, ती मी सरळ केली. उद्या रविवारी सकाळी दोघी राहायला येत आहेत. कलम पाच जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण माझ्यानंतर कागद लागेल. मात्र ते अंमलात यावं म्हणून मी मरण्याची आता कोणालाच घाई नाही, आणि मला तर मुळीच नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

(सही) मृत्युपत्र करणार

साक्षीदार पहिले: (सही) साडू, बांधकाम इंजिनियर, नगरपालिका
साक्षीदार दुसरे: (सही) डॉक्टर, दाखला देणारे

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, दुसरा मजला
तारीख: सात फेब्रुवारी, शनिवार