चाळीस दिवसांचं पाणी

२७ मे १९८८, शुक्रवार

आज नोकरीचा पहिला दिवस. दिवस छान गेला. हे लिहिताना अपराधी वाटतं, कारण माझ्या नवऱ्याला, ओनुफ्रीला जाऊन आज सोळावा दिवस. पण खोटं कशाला लिहू?

सकाळी बसमधून उतरले तेव्हा ऊन स्वच्छ होतं आणि लोहाराच्या भात्याचा आवाज फाटकापर्यंत येत होता. या ठिकाणाला आमच्याकडे सगळे नुसतं ‘जुनं गाव’ म्हणतात. आमचे आजे-पणजे युक्रेनमधून इथे अल्बर्टात आले तेव्हा त्यांनी बांधलेली घरं, एक चर्च, एक शाळा, एक धान्याचं कोठार, सगळं ट्रेलरवर घालून आणून इथे कुरणात मांडलं आहे. शाळांच्या सहली येतात. आईबाप मुलांना गाडीत बसवून एडमंटनहून येतात, घोड्याच्या गाडीत फेरी मारतात, आइस्क्रीम खातात.

डोरीनबाई इथल्या व्यवस्थापक. त्यांनी मला लांब झगा, पांढरा एप्रन आणि डोक्याला बांधायचा रुमाल दिला. काम असं, की एका घरात दिवसभर त्या घरच्या बाईसारखं वावरायचं. मागच्या मातीच्या भट्टीत पाव भाजायचा, मुलांनी विचारलं तर सांगायचं.

घर कोणतं ते मला आधीच माहीत होतं. दारावर पाटी आहे, ‘बोयचुक कुटुंबाचं घर’. डोरीनबाईंना फार गंमत वाटली. म्हणाल्या, आडनाव बोयचुक, घर बोयचुकांचं, तुम्हाला तर पाहुणी म्हणून नाही, सून म्हणूनच ठेवलं पाहिजे.

मी हसले. सून मी आहेच. पण या घराची नाही.

२९ मे, रविवार

हे घर ओनुफ्रीचं. इथेच तो जन्मला, आणि पहिल्या बायकोला घेऊन इथेच तीन वर्षं राहिला. तिचं नाव युस्तिना. ती सत्तावन्न साली तापाने गेली. त्याने घराला कुलूप घातलं, गावात नवं घर बांधलं आणि दोन वर्षांनी माझ्याशी लग्न केलं. एकोणतीस वर्षांत त्याने तिचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. मला वाटायचं, विसरला.

चौदा वर्षांपूर्वी हे घर इथे आणलं. गाडीने वीस मिनिटं. तो एकदाही बघायला आला नाही. म्हणायचा, तिथे डास फार.

भिंतीवर त्या दोघांच्या लग्नाचा फोटो आहे. माझी नणंद परास्का हिने डोरीनबाईंना दिलेला. मी आज पहिल्यांदा पाहिला. ओनुफ्री हसतोय. दात दिसतायत. आमच्या लग्नाच्या फोटोत तो पासपोर्टच्या रांगेत उभा असल्यासारखा दिसतो.

फोटोखाली मेरीमातेची तसबीर आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना सोडलेला त्यांच्या लग्नाचा रुश्निक. आमच्यात नवरानवरी याच लांब पांढऱ्या कापडी पट्ट्यावर उभी राहतात, दोन्ही टोकांना लाल-काळं भरतकाम असतं. आमच्या लग्नात एक उसना आणला होता. दुसऱ्या दिवशी परत केला.

३१ मे, मंगळवार

काल सुट्टी होती. घरी होते. खिडकीत ओनुफ्रीसाठी ठेवलेलं बदललं. चाळीस दिवस आत्मा घरातच असतो, म्हणून खिडकीत पेलाभर पाणी, पावाचा तुकडा आणि एक साधा रुश्निक ठेवायचा. तो पाणी पितो, तोंड पुसतो. चाळिसाव्या दिवशी निरोप घेतो. आमच्या पाद्रीबाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, म्हाताऱ्यांच्या समजुती आहेत त्या, पण ठेवा, पाप नाही त्यात.

पेल्यातलं पाणी होतं तेवढंच आहे. वीस दिवस झाले. रुश्निक पुठ्ठ्यासारखा कोरडा.

आणि आज सकाळी जुन्या गावातलं घर उघडलं, तर तसबिरीवरचा रुश्निक दोन्ही टोकांना ओला. मला वाटलं, छप्पर गळतंय. लोहारकाम करणारा प्रोकोप शिडी लावून बघून आला. म्हणाला, पंधरा दिवसांत थेंब नाही पडला, छप्पर कसलं गळतंय? तेक्लाबाई, तुमचेच डोळे गळत असतील.

मी नाक लावून पाहिलं. पेपरमिंटचा वास आला. सिगारेट सोडल्यापासून ओनुफ्री दिवसभर पेपरमिंट चघळायचा.

३ जून, शुक्रवार

परवापासून त्या घराच्या खिडकीत पेला ठेवते. डोरीनबाईंना सांगितलं, जुनी पद्धत आहे, मुलांना दाखवायला बरी. त्या खूश झाल्या.

काल संध्याकाळी काठोकाठ भरलेला. आज सकाळी अर्धा.

म्हणजे तो तिथे येतो. माझ्याकडे नाही. मी एकोणतीस वर्षं त्याचे मोजे रफू केले, शेवटचे चार महिने चमच्याने भरवलं, आणि तो तिथे जाऊन पाणी पितो. दोन्ही टोकं ओली. म्हणजे दोघं तोंड पुसतात. शेजारी शेजारी उभी राहून.

५ जून, रविवार

आज गर्दी फार. पिठात हात असताना एका लहान मुलीने विचारलं, तुझा नवरा कुठंय? आम्हाला ठरवून दिलेलं उत्तर आहे, शेतावर गेलाय. मला ते म्हणता आलं नाही. तिची आई म्हणाली, चल गं, बाई कामात आहेत.

दिवसभर फोटोकडे पाठ करून बसले. तरी त्याचं हसू पाठीला लागत होतं. ती काही सुंदर नाही. कपाळ अरुंद आहे. सव्वीस वर्षांची गेली, तिला सव्वीसच्या पुढचं काही करावंच लागलं नाही.

पंधरा दिवस उरलेत. तो इथून गेला तर तिचा नवरा म्हणून जाईल. मग मी कोण होते?

८ जून, बुधवार

केलं.

दुपारी सगळी मंडळी घोड्याला नाल ठोकतात ते बघायला गेली होती. टेबलावर लोकर कातरायची कात्री मांडलेली असते, ती घेतली. नवरा रुश्निकवर उजव्या बाजूला उभा राहतो. म्हणून तसबिरीच्या उजवीकडचं टोक घेतलं आणि बरोबर मधोमध कापलं. लग्नाचा रुश्निक कोणी कापत नाही. कापला तर जोडी तुटते असं म्हणतात. मला तेच हवं होतं.

उरलेला अर्धा घडी घालून असा लावला की पटकन कळू नये.

बसमध्ये तो एप्रनखाली पोटाशी धरला होता. थंड होता. घरी येऊन खिडकीत लावला, जुना काढून टाकला. म्हटलं, ये आता.

९ जून, गुरुवार

आला! सकाळी रुश्निक ओलाचिंब होता. पेल्यातलं पाणी दोन बोटं खाली. पावाचा तुकडा कुरतडलेला.

मी खिडकीपाशी बसून रडले. मग तोंड धुतलं, त्याच्या आवडीचे बटाटा भरून उकडलेले पिरोही केले, दोन ताटं घेतली. त्याला सगळं सांगितलं, डोरीनबाई, प्रोकोपची शिडी, सगळं. तो जिवंत असतानाही मी इतकं बोलले नव्हते.

जुन्या गावातला पेला आज काठोकाठ तसाच होता. त्याच्याकडे बघून मला किती आनंद झाला ते लिहायला नको.

११ जून, शनिवार

संध्याकाळी कामावरून आले तर शेजारची ओल्हा कुंपणाशी थांबलेली. म्हणाली, अगं तेक्ला, बरं केलंस बाई, काळे कपडे किती दिवस घालायचे! दुपारी तुला खिडकीत पाहिलं, हात केला, तू पण केलास. तो फुलाफुलांचा रुमाल शोभतो हो तुला. दहा वर्षांनी लहान दिसत होतीस. आणि गात काय होतीस! आम्हाला वाटायचं तुला गाताच येत नाही.

मला गाता येत नाही. दुपारी मी जुन्या गावात होते. फुलाफुलांचा रुमाल माझ्याकडे नाही.

ओल्हाचे डोळे अधू आहेत. चष्मा बदलायला हवा.

१२ जून, रविवार

पावाकडे आज नीट पाहिलं. ओनुफ्रीची कवळी होती. तो पावाचा मऊ भाग खायचा, कडा बाजूला काढून ठेवायचा. रोज. त्या कडा मी कोंबड्यांना घालायचे.

खिडकीतल्या तुकड्याची कडा खाल्लेली आहे. मऊ भाग तसाच. दातांच्या खुणा बारीक, सरळ. तरुण दातांच्या.

पेपरमिंटचा वासही नाही. कधी गेला?

१४ जून, मंगळवार

परास्काला फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्या घरच्या रुश्निकचं नवऱ्याचं टोक कुठलं ते कसं ओळखायचं? ती म्हणाली, कसं म्हणजे काय वहिनी, उजवं. पण त्या बाईंनी तो तसबिरीवर उलटा टांगलाय, मी तेव्हाच सांगितलं होतं, ऐकतंय कोण! आमच्या आईची खूण आहे ना, नवरीच्या टोकाला झालरीत लाल लोकरीची गाठ. म्हणजे धुतल्यावर चुकायला नको.

मी फोन तसाच ठेवून खिडकीशी गेले.

झालरीत लाल गाठ आहे.

परास्का फोनमधून ओरडत होती, वहिनी, अहो वहिनी, आणि तुमच्याकडे कोण गातंय?

१५ जून, बुधवार

टोक पिशवीत घालून सकाळीच जुन्या गावात गेले. पुन्हा शिवून टाकणार होते. उशीर झाला. डोरीनबाईंनी काल साफसफाई करताना पाहिलं होतं. उरलेलं टोक त्यांनी ऑफिसच्या कपाटात घालून कुलूप लावलं होतं. म्हणाल्या, असं कोणी केलं असेल? माझ्याकडे बघत राहिल्या. मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, तुम्ही फार लवकर कामाला लागलात, तेक्ला, घरी जा, विश्रांती घ्या, आणलेलं टोक माझ्याकडे द्या.

पिशवी उघडली. रिकामी होती.

घरी आले तेव्हा ते खिडकीत लटकत होतं. पाणी टपकत होतं.

१७ जून, शुक्रवार

ते टोक स्टोव्हमध्ये घातलं. जळलं नाही, नुसता धूर झाला. दूर शेताच्या तारेवर टांगून आले. सकाळी खिडकीत.

आतल्या खोलीत पलंगावर ओनुफ्रीच्या बाजूला खळगा पडला आहे. हात लावला. गार, ओलसर.

मी सोफ्यावर झोपते.

१८ जून, शनिवार

आमच्या लग्नाचा फोटो पालथा घातलेला. तीनदा सरळ केला.

माझा राखाडी स्वेटर खुंटीवर नाही. बाहीपासून ओला, दाराआड सापडला.

ती माझ्यावर जळते. हे आज कळलं. मी समजत होते मीच एकटी जळतेय. तिला त्याची तीन वर्षं मिळाली. मला एकोणतीस. तिने सगळी कपाटं उघडून पाहिली आहेत, त्याचे चष्मे, औषधांच्या बाटल्या, रफूचे मोजे. मोजे जमिनीवर ओळीने मांडून ठेवलेत. रफू उसवलेलं. प्रत्येकाचं.

१९ जून, रविवार

चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. त्याच्या नावाने मधातले गहू सगळ्यांना वाटले. पाद्रीबाबांना विचारलं, उद्या तो कुठून निघेल? ते म्हणाले, आपली माणसं असतात तिथून.

कोण आपली, ते विचारलं नाही. मला माहीत —

२० जून, सोमवार. चाळिसावा.

दुपारचे बारा. दार उघडं ठेवलंय. ऊन आत आलंय.

खिडकीतला रुश्निक आज कोरडा. ती आतल्या खोलीत आहे. गात नाही. वाट बघतेय. मीही.

पायरीवर कोणीतरी बूट घासतंय. आधी डावा. मग उजवा. तसे तोच घासतो.

आला. या घरी आला. तिच्यामागे का असेना, आला —

हाक मारली त्याने. युस्तिन्को.

किती मऊ आवाज. मला कधी असं —

उंबऱ्याशी सावली आहे. आत येत नाही. ओ मिळाल्याशिवाय येणार नाही. मी तेक्ला म्हणून बोलले तर तो —

पुन्हा. युस्तिन्को.

आत पलंग वाजला. ती उठली. ती ओ देईल आणि दोघं जातील, मी इथे, मोजे, पेला —

तिचे पाय चौकटीत दिसतायत. ओले.

नाही. तिच्याआधी. तिच्या नावाने का होईना, मी ओ दे —