सतरा नंबरची नळी

४ मार्च
सतरा नंबरची नळी पुन्हा यंत्राला लावली. ताठपणाचा तोच आकडा. तिसऱ्यांदा!

रक्तातल्या पांढऱ्या पेशीचं आवरण लोण्यासारखं मऊ हवं. जंतूला गिळायचं तर पेशीला वाकावं लागतं. या पेशी थिजल्यात. आवरणात कोलेस्टेरॉल ठासून भरलंय. आणि दाता म्हणे 'निरोगी' यादीतला!

नळ्यांवर नावं नसतात. पण सतरा कोण ते मला माहीत आहे. यादीत एक माणूस कमी पडत होता म्हणून मीच दादाला गळ घातली. रक्तही मीच काढलं.

५ मार्च
प्रयोगशाळेत सरांना आडून विचारलं — एखादा निरोगी दाता निरोगी निघालाच नाही तर?

मान वर न करता म्हणाले, "आपण संशोधन करतो, निदान नाही. दात्याला आकडे सांगायचे नाहीत. नोकरी हवी आहे ना?"

बाबा जिना चढता चढता गेले. चव्वेचाळिसावं चालू होतं. दादा त्रेचाळीसचा आहे.

६ मार्च
दादाला फोन लावला. वाजायच्या आत ठेवला.

८ मार्च
सांगितलं! दादाच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. नियम गेला खड्ड्यात.

दादा हसत सुटला. "पेशी ताठ? अगं, आपलं अख्खं घराणंच ताठ!"

वहिनी भांडी घासत होती. ओल्या हातानंच तिनं माझं मनगट धरलं. "वन्सं, खरं सांगा. किती वाईट आहे?"

माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. माझं यंत्र पेशी दाखवतं, काळीज नाही.

११ मार्च
वहिनीनं त्याला ओढतच डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद! "अजून थोडा उशीर झाला असता तर —" डॉक्टरांनी वाक्य अर्धवटच सोडलं.

दुपारी वाहिनी उघडी ठेवायला आत जाळी बसवली. बाहेर बाकावर आम्ही दोघी. एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

१२ मार्च
दादा नर्सशी थट्टा करतोय. म्हणजे ठीक आहे.

जाताना डॉक्टरांनी मला थांबवलं. "हे रक्तातून येतं, बहुतेक वडिलांकडून. तुमची तपासणी कधी झाली होती?"

माझी? मी तर लोकांची तपासते!

१३ मार्च
सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. मग सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी माझी नोंदवही ओढून घेतली. "उद्यापासून नळ्यांना हात लावू नका." एवढंच.

१६ मार्च
माझा रिपोर्ट आला. दादापेक्षा वाईट. त्याला फोन लावला. "बोल गं," म्हणाला — आणि मी म्हटलं, "दादा, आपलं अख्खं घराणंच ताठ!"